पार्ट वनच्या पुढे: फिजिक्स की केमिस्ट्री?

राज्य मंडळाच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १’ या पुस्तकात दहा धडे आहेत. पहिला गुरुत्वाकर्षणाचा, दुसरा मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचा, तिसरा रासायनिक अभिक्रियांचा आणि चौथा एकदम विद्युतधारेच्या परिणामांचा. भिंगांच्या धड्याला लागून धातुविज्ञान येते, कार्बनी संयुगांपाठोपाठ अवकाश मोहिमा. मुलांच्या तोंडी या सगळ्याला एकच नाव, ‘पार्ट वन’. लेखी पेपर एकच, चाळीस गुणांचा. या दहांतले सहा धडे भौतिकशास्त्राचे आणि चार रसायनशास्त्राचे, हे बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही.

अकरावी सायन्सला गेले की त्याच पार्ट वनचे दोन तुकडे होतात. दोन जाड पुस्तके, दोन शिक्षक, दोन लॅब, दोन जर्नल. पहिली चाचणी होते, एका विषयात बरे गुण पडतात, दुसऱ्यात घसरगुंडी होते आणि नाशिकच्या कॉलेज रोडवर क्लास सुटल्यावर सायकलींच्या घोळक्यात तोच प्रश्न निघतो: तुझं काय, फिजिक्स की केमिस्ट्री? पाठोपाठ दुसरा, जरा दबक्या आवाजातला: यातलं एक सोडता येतं का?

नियमाने पाहिले तर महाराष्ट्रात ही निवड कुणी विचारतच नाही. अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झाले. त्या अर्जात विचारतात ती शाखा. प्रवेश पक्का करताना कॉलेजच्या खिडकीवर जो प्रश्न येतो, तो ‘मॅथ्स की बायो?’ एवढाच. पीसीएम घ्या, पीसीबी घ्या, नाहीतर चारही घेऊन पीसीएमबी करा. पहिली दोन अक्षरे जागची हलत नाहीत. बायफोकल घेतले, म्हणजे कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स किंवा क्रॉप सायन्ससारखा दोनशे गुणांचा विषय, तर तो दुसरी भाषा आणि एक वैकल्पिक विषय यांची जागा घेतो. तिथेही मुले सहसा बायो सोडतात. ब्रिटनमध्ये ए-लेव्हलला सोळाव्या वर्षी मूल तीन विषय निवडते आणि त्यात फिजिक्सशिवाय केमिस्ट्री किंवा केमिस्ट्रीशिवाय फिजिक्स सहज बसते. आपल्याकडे हे जोडपे सहसा सुटत नाही.

मग निवड उरते कुठे? उरते, फक्त ती अर्जावर नसते. रात्री साडेनऊनंतरचा तास कोणाला द्यायचा, सीईटीत कोणाच्या जिवावर तरायचे, बारावीनंतर कुठल्या दारात उभे राहायचे, ही सगळी तीच निवड आहे. आणि ती बहुतेक वेळा चुकीच्या कारणांवर होते. ‘केमिस्ट्री स्कोअरिंग आहे’, ‘फिजिक्सचे सर भारी आहेत’, ‘ताई फिजिक्समध्ये अडकली होती’. यांतले एकही वाक्य त्या विषयाबद्दल काही सांगत नाही.

आधी दारांचा हिशेब करून टाकू. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएससाठी नीट, आणि नीटसाठी दोन्ही विषय हवेत. फार्मसीला दोन्ही हवेत, जोडीला गणित किंवा जीवशास्त्र. एनडीएत लष्करासाठी कुठलीही शाखा चालते, पण हवाई दल आणि नौदलासाठी फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स तिन्ही लागतात. भोसला मिलिटरी स्कूल, देवळालीचे तोफखाना केंद्र आणि ओझरचा एचएएलचा विमान कारखाना ज्या गावाच्या रोजच्या बोलण्यात आहेत, तिथल्या घरांनी ही ओळ लक्षात ठेवलेली बरी. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी वर्षानुवर्षे अट आहे ती फिजिक्स आणि मॅथ्सची, केमिस्ट्रीची नाही. गमतीची गोष्ट इंजिनिअरिंगची. राज्याच्या पात्रता नियमांत भौतिकशास्त्र आणि गणित सक्तीचे आहेत. तिसरा विषय रसायनशास्त्र, जीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा एखादा तांत्रिक व्यावसायिक विषय, असा पर्यायी. म्हणजे कागदावर केमिस्ट्रीवाचूनही इंजिनिअर होता येते. पण सीईटीचा पीसीएम पेपर २०० गुणांचा, त्यात गणिताचे १००, फिजिक्सचे ५० आणि केमिस्ट्रीचेही ५०. फिजिक्स-केमिस्ट्रीचे शंभर प्रश्न एकाच नव्वद मिनिटांच्या भागात येतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. नियमाने सोडलेली केमिस्ट्री परीक्षेने परत आणून बसवली आहे.

यातून एक गोष्ट मात्र स्वच्छ दिसते. केमिस्ट्री नसताना उघडी राहणारी दारे थोडीफार आहेत. फिजिक्स नसताना उघडी राहणारी विज्ञानातली दारे शोधावी लागतात. दोन उमेदवारांचे गुण सारखे झाले तर पुढे कोण, हे ठरवण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. जेईई मेनमध्ये आधी गणित, मग फिजिक्स, मग केमिस्ट्री पाहतात. नीटमध्ये आधी बायो, मग केमिस्ट्री, शेवटी फिजिक्स. इंजिनिअर आणि डॉक्टर यांच्या दोन जगांनी आपापला मानपान असा मांडून ठेवला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. हे दोन विषय वेगळे आहेत तरी कशात? बालभारतीच्या बारावीच्या दोन्ही पुस्तकांत प्रत्येकी सोळा धडे आहेत. दोन्हींत एक धडा थर्मोडायनॅमिक्सचा आहे, आणि दोन्हींत ऊर्जेच्या अक्षय्यतेचा तोच नियम दिला आहे. फिजिक्सच्या पुस्तकात तो येतो असा: अंतर्गत ऊर्जेतला बदल म्हणजे दिलेली उष्णता वजा कार्य. केमिस्ट्रीच्या पुस्तकात: अंतर्गत ऊर्जेतला बदल म्हणजे दिलेली उष्णता अधिक कार्य. दर वर्षी काही मुले चिन्हात मार खातात आणि कुठलेतरी एक पुस्तक चुकलेय असे समजतात. चुकलेले कुणीच नाही. फिजिक्सची थर्मोडायनॅमिक्स वाफेच्या इंजिनापाशी जन्मली. इंजिनाने आपल्यासाठी किती काम केले हा तिचा प्रश्न, म्हणून यंत्राने बाहेर केलेले काम ती धन मानते, आणि ते यंत्राच्या खात्यातून वजा होते. रसायनशास्त्रज्ञाची नजर चंबूच्या आत असते. चंबूत जे जे आले, उष्णता असो की कार्य, ते धन. नियम एक, पण तो सांगणारा माणूस उभा आहे वेगवेगळ्या जागी. या दोन विषयांतला फरक इतक्या थोडक्यात दाखवणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही, आणि वर्गात त्यावर पाच मिनिटेही खर्च होत नाहीत याचे वाईट वाटते.

फिजिक्स वस्तूचा तपशील टाकून देते. ब्लॉक घसरतो तेव्हा तो लाकडाचा की लोखंडाचा, याच्याशी तिला कर्तव्य नसते. वस्तुमान आणि घर्षणांक सांगा, पुरे. फार थोडे नियम, आणि त्यांतून फार मोठा पसारा उलगडायचा. ज्याला एक सूत्र पकडून दहा प्रकारची गणिते सोडवण्यात मजा येते, पाठांतर म्हटले की अंगावर काटा येतो, त्याचा जीव इथे रमतो. केमिस्ट्रीत तपशील हाच विषय असतो. सोडियम आणि पोटॅशियम आवर्तसारणीत एकाखाली एक, स्वभावही सारखे, तरी पाण्यात टाकल्यावर पोटॅशियम जास्त चवताळते, आणि का, हे सांगता आले पाहिजे. नियम आहेत, अपवाद आहेत, अपवादांची कारणे आहेत आणि त्या कारणांनाही अपवाद आहेत. ‘केमिस्ट्री म्हणजे पाठांतर’ हे वाक्य पसरवणाऱ्यांनी बहुधा इनऑर्गॅनिकचेच धडे पाहिले असावेत. फिजिकल केमिस्ट्रीची गणिते फिजिक्सच्याच घराण्यातली आहेत. ऑर्गॅनिकमध्ये इलेक्ट्रॉनची जोडी कुठून कुठे सरकते याचे बाण एकदा कळले, की शंभर अभिक्रिया पाठ करण्याची गरज राहत नाही. दहा-बारा चाली ध्यानात ठेवल्या की डाव पुढे खेळता येतो.

या फरकाची ओळख व्हायची जागा म्हणजे प्रयोगशाळा. फिजिक्सच्या लॅबमध्ये पोटेन्शिओमीटरच्या तारेवर जॉकी सरकवत गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर आणायचा, रीडिंग घ्यायचे, पुन्हा घ्यायचे, आलेख काढायचा आणि उतार मोजायचा. चूक कुठे आणि किती, हा तिथला खरा धडा. केमिस्ट्रीत सॉल्ट अ‍ॅनालिसिसला पांढरी पूड हातात येते आणि रंग, वास, ज्योत, साका यांवरून तिचे नाव काढायचे असते. नायट्रेटची तपकिरी कडी परीक्षानळीत तरंगताना पहिल्यांदा दिसते तेव्हा काही मुलांचा चेहरा बदलतो. काहींना त्याचे काहीच वाटत नाही. हा फरक कुठल्याही कलचाचणीपेक्षा खरा. दुर्दैव असे की ‘इंटिग्रेटेड’ व्यवस्थेत नाव कॉलेजात आणि मूल क्लासमध्ये, अशा थाटात दोन वर्षे निघतात. जर्नल शेवटच्या पंधरवड्यात एकाच्या वहीवरून दुसऱ्याच्या वहीत उतरतात. जी दोन माणसे कधी भेटलीच नाहीत, त्यांच्यातला आवडता कोण, हे ती मुले ठरवणार कशावरून?

लॅब चुकली तरी नाशिक जिल्ह्यात एक पर्याय आहे, तो म्हणजे घरचा मळा. दिंडोरी, निफाडची किती मुले सायन्सला येतात! त्यांनी ऑक्टोबर छाटणीनंतरची बाग नीट पाहिली तरी दोन्ही पुस्तकांचे निम्मे धडे चालते-बोलते सापडतील.

बोर्डो मिश्रण घ्या. मोरचूद आणि चुना. फ्रान्समधल्या बोर्डो भागात मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ च्या सुमारास ते द्राक्षावरच्या डाऊनी रोगावर पुढे आणले, आणि आपल्या द्राक्षबागांत ते आजही फवारले जाते. चुना कमी पडला तर मिश्रण आम्लधर्मी राहते, सुटे तांबे पानांना भाजते. म्हणून जुने बागायतदार त्यात लोखंडी खिळा किंवा विळ्याचे पाते बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर चढला तर अजून चुना घाला. दहावीच्या तिसऱ्या धड्यातली विस्थापन अभिक्रिया ती हीच: लोखंड तांब्याला द्रावणातून बाहेर काढते आणि स्वतः आत जाते. पुस्तकात समीकरण आहे, मळ्यात त्यावर पीक अवलंबून आहे.

मणी फुगवायला जीए, म्हणजे जिबरेलिक आम्ल, हेही केमिस्ट्रीच. पण काढणी जवळ आली की हातात येतो रिफ्रॅक्टोमीटर. रसाचा एक थेंब प्रिझमवर ठेवायचा, झाकण लावायचे आणि उजेडाकडे धरून आत पाहायचे. निळ्या-पांढऱ्याची सीमारेषा ज्या आकड्यावर, तो ब्रिक्स. रसात साखर जितकी जास्त, तितका त्याचा अपवर्तनांक जास्त, तितका प्रकाश वेगळा वळतो आणि रेषा सरकते. ब्रिक्सचा अर्थ साधारणपणे १०० ग्रॅम रसात किती ग्रॅम विरघळलेला घन पदार्थ आहे, आणि द्राक्षात त्यातला मोठा वाटा साखरेचा. म्हणजे मोजायचे रसायन, मोजणारा प्रकाश. हा दहावीचा सहावा धडा, ‘प्रकाशाचे अपवर्तन’.

२०१० साली युरोपात आपली द्राक्षे अडकली ती क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे. वेलीची वाढ रोखायला वापरले जाणारे हे संजीवक बागायतदारांमध्ये ‘सीसीसी’ म्हणून ओळखीचे. त्या हंगामाचा फटका जिल्ह्याने अजून विसरलेला नाही. किलोभर द्राक्षात मिलिग्रॅमचा लहानसा अंश शोधायचा तर आधी द्रव क्रोमॅटोग्राफीने रसातले घटक वेगळे करावे लागतात, मग वस्तुमान वर्णपटमापीत त्यांचे आयन करून विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांच्या मदतीने वजनानुसार निवडावे लागतात. पहिले काम केमिस्टचे, दुसरे अस्सल फिजिक्सचे. फ्रान्सिस अ‍ॅस्टनने असे वस्तुमान वर्णपटमापी यंत्र बनवले, आणि १९२२ साली त्याला नोबेल मिळाले ते रसायनशास्त्राचे. त्याआधी १९०८ साली रदरफर्डलाही रसायनशास्त्राचेच मिळाले होते. तो स्वतःला भौतिकशास्त्रज्ञ म्हणवून घेण्यात मोठा अभिमान बाळगणारा, त्यामुळे या गमतीवर त्याने स्वतःच थट्टा केली.

पण या सगळ्यांत मला सर्वांत बोलके वाटते ते लासलगाव. कांद्याची बाजारपेठ म्हणून सगळा देश ते ओळखतो. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले ‘कृषक’, म्हणजे कृषी उत्पादन संरक्षण केंद्र, २००२ पासून आहे. चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा पावसाळ्यात कोंब काढतो आणि मातीमोल होतो, यावर तिथे उपाय केला जातो गॅमा किरणांनी. स्रोत कोबाल्ट-६०, त्याचा अर्धायुकाल सव्वापाच वर्षांच्या आसपास, आणि त्यातून १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे दोन गॅमा किरण निघतात. कांद्याला मात्रा लागते ६० ते ९० ग्रे. एक ग्रे म्हणजे किलोमागे एक ज्यूल.

आता इथे बारावीच्या कुठल्याही मुलाने कागद घ्यावा. एका किलोला ९० ज्यूल ऊर्जा मिळाली. पाण्याची विशिष्ट उष्णता किलोमागे, अंशामागे सुमारे ४२०० ज्यूल. कांदा बहुतांश पाणीच. भागाकार करा: तापमान वाढले सुमारे ०.०२ अंश सेल्सिअस. हातात धरलेला कांदा तळव्याच्या उबेने याहून कितीतरी जास्त तापतो. मग एवढ्याशा ऊर्जेने कोंब कसा थांबतो?

नुसत्या उष्णतेच्या गणिताने हे सुटत नाही. ऊर्जा किती आली याबरोबर ती कशी आली, हे विचारावे लागते. तळव्याची ऊब सगळ्या रेणूंना थोडी थोडी वाटली जाते. कुणालाच तुटण्याइतकी मिळत नाही. गॅमा किरण मात्र आपली ऊर्जा एका-एका जागी, इलेक्ट्रॉन उडवत टाकतो. एका रासायनिक बंधाला तुटायला चार-पाच इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात, आणि इथे आलेला किरण दहा लाखांच्या वरचा आहे. इथपर्यंत फिजिक्स. पुढे पाण्याचे रेणू फुटतात, हायड्रॉक्सिलसारखे मूलक तयार होतात, आणि सुटा इलेक्ट्रॉन घेऊन हिंडणारे हे मूलक जो रेणू सापडेल त्याच्याशी भिडतात. ही केमिस्ट्री. त्यांच्या तावडीत डीएनएही सापडतो. कांद्याच्या गाभ्यात जिथे पेशी भराभर विभागून कोंब होणार असतो, तिथे ही इजा निर्णायक ठरते. बाकीच्या पाकळ्यांतल्या पेशींना आता विभागायचेच नसते, म्हणून कांदा खायला जसाच्या तसा राहतो. हे जीवशास्त्र. कांदा किरणोत्सारी होतो का, हा बाजारात हमखास विचारला जाणारा प्रश्न पुन्हा फिजिक्सचा. होत नाही, कारण या ऊर्जेचे गॅमा किरण अणूभोवतीचे इलेक्ट्रॉन उडवू शकतात, अणुकेंद्रकात बदल घडवायला ते अपुरे पडतात. अमेरिकेला २००७ साली आपला आंबा पुन्हा जाऊ लागला, तोही आधी लासलगावला येऊन, किमान ४०० ग्रेची मात्रा घेऊन. तिथे कारण कोंबाचे नव्हते, फळातल्या किडीचे होते.

शहरातही हेच. नाशिक रोडच्या करन्सी नोट प्रेसमधून १९२८ पासून नोटा निघतात. पाचशेची नोट तिरपी केली की सुरक्षा धागा हिरव्याचा निळा होतो. पातळ थरांतून परतणाऱ्या प्रकाशलहरींचा हा खेळ बारावीच्या वेव्ह ऑप्टिक्समध्ये आहे. तो थर आणि ती शाई बनवणे मात्र केमिस्टचे काम. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात २१० मेगावॉटचे जनित्र फिरते फॅरेडेच्या नियमाने, पण बॉयलरच्या पाण्यात सिलिका राहिली तर ती वाफेबरोबर जाऊन टर्बाइनच्या पात्यांवर बसते. म्हणून तिथे पाण्याची लॅब चोवीस तास चालू. आणि त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके? १९१२ साली लंडनहून त्यांनी विल्यमसन कॅमेरा आणला, कच्च्या फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र आणले. ‘राजा हरिश्चंद्र’ची फिल्म घरच्या घरी धुतली जाई आणि त्यात सरस्वतीबाईंचा हात होता. भिंग आणि शटर फिजिक्सचे, चांदीच्या क्षारांवरची प्रतिमा केमिस्ट्रीची.

इतके असून मुलांना एक विषय जवळचा आणि एक परका वाटतो, त्याची कारणे कधी कधी विषयात नसतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला अकरावीचे पहिले तीन-चार महिने सगळेच परके असते. शिकवणे इंग्रजीत, संज्ञा नव्या. फिजिक्समध्ये आकडे आणि आकृत्या थोडा आधार देतात. केमिस्ट्रीत नावांचा लोंढा येतो. दिवाळीपर्यंतच्या गुणांवरून ‘आपल्याला केमिस्ट्री जमत नाही’ असा निकाल लावणे म्हणजे इंग्रजीच्या पेपरचे गुण केमिस्ट्रीच्या रकान्यात लिहिणे होय.

दुसरे कारण गणिताचे आहे, आणि त्यात जास्त भरडली जातात ती पीसीबीची मुले. गणित नको म्हणून बायो घेतले, तर अकरावीच्या फिजिक्सचा दुसराच धडा ‘मॅथेमॅटिकल मेथड्स’. सदिश आले, डेरिव्हेटिव्ह आले, इंटिग्रेशनही आले. पीसीएमच्या मुलांना तरी ते पुढे मॅथ्सच्या तासाला सविस्तर मिळते; पीसीबीवाल्यांना त्या एका धड्यावर दोन वर्षे काढायची असतात. मग नीटच्या १८० प्रश्नांतले फिजिक्सचे ४५ डोंगरासारखे वाटतात. अशा मुलाला ‘फिजिक्स अवघड आहे’ असे सांगून धीर देण्यापेक्षा मे महिन्यात पंधरा दिवस बसून साधे कॅल्क्युलस आणि त्रिकोणमिती करून घेणे जास्त उपयोगी पडते. ज्या घरात हे करून घेणारे कुणी आहे, तिथे हा डोंगर निम्म्याने उतरलेला मी पाहिला आहे.

आवडीनिवडीच्या भांडणात मला एक नाव नेहमी आठवते. दुर्गाबाई भागवतांची बहीण कमला, पुढे कमला सोहोनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठातून रसायन आणि भौतिक असे दोन्ही विषय घेऊन त्या बीएस्सी झाल्या, गुणवत्तेत अव्वल. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले केमिस्ट. त्याच संस्थेत कमलाबाईंनी अर्ज केला, तेव्हा संचालक होते भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवलेले सी. व्ही. रामन. त्यांनी नकार दिला, मुलगी म्हणून. बाई हटल्या नाहीत, आणि अखेर अटी घालून प्रवेश मिळाला. पुढे केंब्रिजला त्यांनी बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हे प्रथिन असते हे दाखवले आणि १९३९ साली पीएचडी मिळवली. सायटोक्रोम ओळखतात कसे? त्यातून जाणाऱ्या प्रकाशाचे ठरावीक रंग ते गिळते, वर्णपटात काळ्या पट्ट्या दिसतात, त्यांवरून. रसायनाचा पत्ता लागतो तो प्रकाशाच्या खुणेवरून, आणि काम मात्र म्हटले जाते जीवरसायनाचे. परत आल्यावर त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यांवर संशोधन केले आणि मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या त्या संचालक झाल्या. वसंत गोवारीकर यांचा मार्गही असाच न मावणारा: शिक्षणाने केमिकल इंजिनिअर, काम अग्निबाणाच्या घन इंधनाचे, आणि सामान्य माणसाला माहीत ते सोळा घटकांच्या मॉन्सून मॉडेलमुळे.

तेव्हा सोळाव्या वर्षी एवढेच ठरवावे की पहिला कोण आणि दुसरा कोण. दुसऱ्याला सोडायचे नाही, त्याला निम्मा वेळ द्यायचा. माझे मत विचाराल तर कलाने केमिस्ट्रीवाला असलेल्या मुलाने फिजिक्स जरा ओढूनताणून का होईना पक्के ठेवावे, कारण अटी तिच्या बाजूने आहेत. फिजिक्सवाल्याने केमिस्ट्रीकडे ‘शेवटच्या महिन्यात पाठ करू’ म्हणून पाहू नये. सीईटीत दोघींचे वजन सारखे आहे आणि केमिस्ट्रीचे प्रश्न वेळही कमी खातात, हे क्लासवाले सांगतात ते खोटे नाही.

खरी फारकत बारावीनंतर, तीही बीएस्सीला गेलात तर. पुणे विद्यापीठाच्या जुन्या पद्धतीत पहिल्या वर्षी चार विषय, दुसऱ्याला तीन आणि तिसऱ्या वर्षी एकच मुख्य, अशी चाळणी होती. एचपीटी-आरवायके असो की केटीएचएम, नाशिकच्या कॉलेजांतल्या कित्येक पिढ्यांनी फिजिक्स की केमिस्ट्री हे ठरवले ते विसाव्या वर्षी, दुसऱ्या वर्षाचा निकाल हातात आल्यावर. नव्या शैक्षणिक धोरणात त्या पद्धतीची जागा मेजर-मायनरने घेतली. मेजर एक आणि मायनर दुसरे, असे दोघींना बरोबर नेता येते. ज्यांना तेवढ्यानेही चैन पडत नाही, त्यांच्यासाठी २००६ साली पुण्यात सुरू झालेली आयसर आहे. तिथल्या पाच वर्षांच्या बीएस-एमएस अभ्यासक्रमात सुरुवातीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र, गणित सगळ्यांनाच शिकावे लागते आणि मुख्य विषय नंतर निवडता येतो. प्रवेश परीक्षेत साठ प्रश्न असतात, चार विषयांचे पंधरा-पंधरा. पीसीएमच्या मुलाला तिथे बायोचे पंधरा पाहून घाम फुटतो, पीसीबीच्या मुलीला मॅथ्सचे पंधरा पाहून.